फ्लॉरेन्सला पहिल्यांदा जाताय?

सोमवार टाळा, हे पहिलं. त्या दिवशी उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं बंद असतात. नागपूरहून एवढं जाऊन मायकेलअँजेलोचा डेव्हिड न बघता परतलात, तर शेजारी जन्मभर ऐकवतील बाप्पा. (सिन्योरिया चौकात त्याची प्रतिकृती आहे, तिच्याजवळचा फोटो खपून जाईल म्हणा. अस्सल पुतळा १८७३ पासून अकादेमियातच आहे, पाच मीटरहून उंच.)

तिकिटं घरूनच, वेळ ठरवून काढा. मुख्य चर्चच्या, म्हणजे दुओमोच्या घुमटाचं तर नक्कीच. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना अरुंद. रामटेक चढताना धाप लागत असेल तर खालचं चर्च बघा, ते फुकट आहे. फक्त खांदे-गुडघे झाकलेले हवेत. खाली उभं राहून मान वर केली तरी घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीची कमाल कळते. एवढा घुमट त्यानं जमिनीपासून लाकडी आधार न देता उभारला, १४३६ मध्ये.

भाड्याची गाडी नको. जुन्या शहरात परवान्याविना शिरलात की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं. सगळं पायी होतं.

तिथला पाव अळणी, तोही मुद्दाम. सावजी खाणाऱ्यांनी ठेच्याची बाटली न्यावीच. शाकाहारी असाल तर रिबोलिता मागवा: शिळा पाव, पांढऱ्या घेवड्याचे दाणे, पालेभाजी यांचं दाट सूप. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्या, बसून महाग पडते. बिलात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाचा आकार लावतात, त्यावरून भांडू नका.

आता मराठी माणसानं चुकवू नये ते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरमध्ये इथे वारले, ऐन विशीत. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे १८७४ पासून छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलाचं नावही ‘इंडियानो’. उफिझीसमोर रांगा लागतात, इथे सहसा कोणी नसतं. स्टेशनजवळून टी-१ ट्राम घ्या, ‘काशीने’ थांब्यावर उतरा आणि आर्नो डाव्या हाताला ठेवून बागेच्या पार पश्चिम टोकापर्यंत चालत जा. चांगलं पाऊण तासाचं चालणं आहे, म्हणून सकाळीच निघा आणि पाणी सोबत ठेवा.