ग्रीक नगरराज्यांचे चांदीचे बारीक नाणे कसे ओळखावे

प्राचीन ग्रीक नगरराज्याचे बारीक नाणे हाती आले, की नजर आधी चित्राकडे धावते; पण पहिला मान वजनाला द्यावा, कारण आठ-दहा मिलिमीटरच्या चकतीवर चित्र बहुधा अर्धेच उमटलेले असते. त्याआधी नाणे घासून उजळवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते आणि दाबाने तिचा तुकडा पडतो.

दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा काटा घ्यावा. अथेन्सच्या मापात द्राख्मा हे चांदीचे नाणे सुमारे ४.३ ग्रॅमचे आणि सहा ओबोलांचे; ओबोल म्हणजे त्याचा सहावा भाग असलेले बारीक नाणे. म्हणून ओबोल ०.७२, अर्धा ओबोल ०.३६ आणि पाव ओबोल अवघा ०.१८ ग्रॅम भरतो. एजिना बेटाच्या मापात ओबोल जवळजवळ एक ग्रॅमचा असे. झिजेने वजन घटते, वाढत नाही, हे इथे फार उपयोगी पडते: ०.९ ग्रॅमचे नाणे अथेन्सचा ओबोल असण्याची शक्यता फारशी उरत नाही, पण एजिनाचा झिजलेला ओबोल असू शकते. इतकी बारीक नाणी लोक तोंडात ठेवून बाजारात जात, हे अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नाटकांतून कळते.

मग नाणे उलटावे. मागे नुसता खोलगट चौकोन असेल, तर नाणे बहुधा जुन्या काळातले, म्हणजे इ.स.पू. सहाव्या किंवा पाचव्या शतकातले असते.

आता भिंगाखाली, एका बाजूने तिरपा उजेड टाकून चित्र पाहावे. किझिकोस या ग्रीक नगराच्या नाण्यावर रानडुकराचा पुढचा अर्धा भाग असतो आणि त्याच्या पाठीमागे उभा ट्यूना मासा. समोरून प्रकाश टाकला तर हा मासा केवळ ओरखडा वाटतो. तिरप्या उजेडात त्याची शेपटी स्पष्ट होते. मागच्या चौकोनात सिंहाचे डोके दिसले, की ओळख जवळजवळ पक्की झाली.

अक्षरे अर्थातच सर्वांत मोलाची. पंखवाला घोडा पेगासस कॉरिंथचा खरा, पण ल्यूकास आणि अंब्राकिया या नगरांनीही तो आपल्या नाण्यांवर घेतला. म्हणून घोड्याच्या पोटाखाली कॉरिंथचे कोप्पा हे अक्षर, म्हणजे खाली दांडी असलेले वर्तुळ, आहे का हे शोधावे.

चित्र जुळते पण वजन बरेच कमी भरते, असे झाले तर कडेकडे पाहावे. तिथे हिरवट डाग किंवा तांबूस धातू डोकावत असेल, तर आत तांबे आणि वर चांदीचा पातळ पत्रा, असे ते प्राचीन काळचेच बनावट नाणे असू शकते. अशा नाण्याचीही नोंद वजनासकट जपून ठेवावी.