अपघाताच्या भरपाईचा दावा कसा मांडावा

कापूस वेचून परतणाऱ्या मजुरांच्या ऑटोला ट्रकने धडक दिल्यास, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खालील अर्ज सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. अपघात वर्ध्याजवळ घडला असला, तरी यवतमाळचा रहिवासी आपल्याच जिल्ह्यातील मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे (असे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे) जाऊ शकतो. पोलिसांतील प्रथम खबर (एफआयआर), घटनास्थळ पंचनामा, विम्याची प्रत आणि औषधांची बिले सोबत जोडावीत. खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते, कारण मजुराकडे पगारपत्रक नसते. अशा वेळी शेतमालकाची साक्ष आणि किलोमागे मजुरी टिपलेली त्याची वेचणीची वही (बहुधा ती मळकीच असते) कामी येते. अपंगत्वाच्या दाखल्यातील टक्क्यांवरच विसंबू नये: दोन बोटे गमावलेला कारकून आणि वेचणी करणारी बाई यांचे नुकसान सारखे नसते, आणि राजकुमार खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने कमाईच्या क्षमतेवरील प्रत्यक्ष परिणामच पाहण्यास सांगितले आहे. म्हणून डॉक्टरांना साक्षीसाठी अवश्य बोलवावे.