बेसबॉल संघाच्या येत्या हंगामाचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे संघ फेब्रुवारीत ॲरिझोना आणि फ्लोरिडात सरावासाठी जमू लागले, की येत्या हंगामाविषयीच्या अंदाजांना ऊत येतो. त्यांतले बरेचसे अंदाज मागच्या वर्षीचा गुणतक्ता आणि हिवाळ्यात गाजलेली दोन-चार नावे एवढ्यावरच बेतलेले असतात. तीस संघ प्रत्येकी १६२ सामने खेळतात आणि त्यांतून बारा संघ बाद फेरीत जातात. इतक्या लांबलचक हंगामाचा अंदाज बांधायचा असेल, तर संघाने सामने किती जिंकले यापेक्षा धावा किती केल्या आणि किती दिल्या, येथून सुरुवात करावी. ही पद्धत उलगडण्यासाठी सॅन डिएगो पाद्रेस संघाचा २०२४ चा हंगाम घेऊ, कारण त्या मार्चमध्ये या संघाबद्दल दोन परस्परविरुद्ध मते मांडता येत होती (धावांच्या हिशेबाने तो बळकट, गेलेल्या खेळाडूंमुळे दुबळा) आणि दोन्ही मतांना भक्कम आधार होता.

२०२३ मध्ये पाद्रेसने ८२ सामने जिंकले, ८० गमावले आणि बाद फेरी दोन विजयांनी हुकली. ८४ विजयांवर आत शिरलेला ॲरिझोना डायमंडबॅक्स संघ त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. गुणतक्ता एवढेच सांगतो. धावांचा हिशेब मात्र वेगळे चित्र दाखवतो : पाद्रेसने ७५२ धावा केल्या होत्या आणि ६४८ दिल्या होत्या. क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती पाहून आपण संघाचा खरा जोर ओळखतो, तसेच येथेही करता येते. बिल जेम्स या अभ्यासकाने त्यासाठी एक सोपे सूत्र दिले आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे आणि येणाऱ्या उत्तराला १६२ ने गुणावे. ७५२ चा वर्ग ५,६५,५०४ आणि ६४८ चा वर्ग ४,१९,९०४. दोहोंची बेरीज ९,८५,४०८. भागाकार सुमारे ०.५७४. म्हणजे एवढ्या धावांच्या बळावर हा संघ साधारण ९३ सामने जिंकायला हवा होता.

मग अकरा विजय गेले कुठे, हा प्रश्न अंदाज बांधणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. त्या हंगामात एका धावेच्या फरकाने निकाल लागलेल्या सामन्यांत पाद्रेसने ९ जिंकले आणि २३ गमावले. नऊ इनिंगनंतर (दोन्ही संघांची एकेकदा फलंदाजी म्हणजे एक इनिंग) बरोबरी होऊन जादा इनिंगमध्ये गेलेल्या सामन्यांत २ जिंकले आणि १२ गमावले. अशा अटीतटीच्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो आणि एका वर्षाचे नशीब पुढच्या वर्षी सहसा टिकत नाही. बाल्टिमोर ओरिओल्सने २०१२ मध्ये एका धावेचे २९ सामने जिंकून फक्त ९ गमावले आणि एकूण ९३ विजय मिळवले. पुढच्याच वर्षी तोच हिशेब २० विजय आणि ३१ पराभव असा उलटला व एकूण विजय ८५ वर आले. शेवटची इनिंग सांभाळणारे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, दुबळे असतील तर अटीतटीचे सामने निसटतात, हे काही अंशी खरे आहे. पण पाद्रेसकडे त्या वर्षी जॉश हेडरसारखा त्या कामातला अव्वल पिचर होता, तेव्हा सगळा दोष तिकडे टाकता येत नाही. मात्र सूत्राला वेदवाक्य मानू नये. सिॲटल मरिनर्सने २०२१ मध्ये केलेल्या धावांपेक्षा ५१ धावा जास्त देऊनही ९० सामने जिंकले, आणि घसरण अपेक्षित असताना पुढच्या वर्षीही नेमके ९० च जिंकले.

सूत्र मागच्या वर्षीच्या संघाविषयी बोलते, तर अंदाज बांधायचा असतो नव्या संघाचा. म्हणून यानंतर गेलेल्या आणि आलेल्या खेळाडूंचा जमाखर्च मांडावा. हे काम किचकट आहे, पण अंदाजाचा कस येथेच लागतो. साधारण दहा धावा म्हणजे एक विजय, हे परिमाण हाताशी ठेवावे आणि गेलेल्या खेळाडूचे सगळे योगदान वजा न करता त्याच्या जागी येणारा खेळाडू किती कमी पडेल तेवढेच वजा करावे. पाद्रेसने डिसेंबर २०२३ मध्ये ह्वान सोटोला न्यूयॉर्क यँकीजकडे सोपवले. तो वर्षभर सर्वच्या सर्व १६२ सामने खेळला होता, ३५ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) त्याच्या नावावर होते आणि १३२ वेळा तो चार बाहेरचे चेंडू सोडून फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या थांब्यावर, गेला होता. तो गेल्यावर आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात, फर्नांडो टाटिस ज्युनियर सोडला तर कोणाचीच जागा पक्की नव्हती. मधली जागा जॅक्सन मेरिल या वीस वर्षांच्या खेळाडूला मिळाली. तो मूळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे आतल्या भागातला क्षेत्ररक्षक, होता आणि कनिष्ठ संघांच्या डबल-ए या पायरीच्या वर एकही सामना खेळलेला नव्हता. त्याने पुढे फलंदाजीची सरासरी .२९२ राखून २४ होमरन मारले. मार्चमध्ये हे कोणी छातीठोकपणे लिहिले असते तर ते बरोबर ठरले असते, तरीही त्याला अंदाज म्हणता आले नसते, कारण तसे मानायला पुरेसा आधार नव्हता. अशा नवख्या खेळाडूपुढे एकच आकडा न मांडता वरची आणि खालची अशा दोन्ही शक्यता मांडाव्यात.

पिचरांच्या बाबतीत आधी इनिंग मोजाव्यात, सरासरी (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या धावा) नंतर पाहावी. एका हंगामात संघाला सुमारे १,४५० इनिंग टाकाव्या लागतात. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणाऱ्या ब्लेक स्नेलने २०२३ मध्ये १८० इनिंग टाकल्या होत्या आणि त्याची सरासरी अवघी २.२५ होती. मायकेल वाका आणि सेथ लुगो यांनी मिळून आणखी २८० टाकल्या होत्या. हे तिघेही गेले, म्हणजे जवळपास एक तृतीयांश काम मोकळे पडले. बदल्यात सोटोच्या व्यवहारातून मायकेल किंग आला. त्याने आदल्या वर्षी १०४ इनिंग टाकल्या होत्या आणि त्याही बहुतांशी सामन्यात मध्येच येणारा मदतनीस पिचर म्हणून. १३ मार्चला शिकागो व्हाइट सॉक्सकडून डिलन सीझ आला. सीझची २०२३ ची सरासरी ४.५८ होती आणि ती पाहून अनेकांनी नाक मुरडले असणार. परंतु १७७ इनिंगमध्ये त्याने २१४ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते, आणि त्याच्या आदल्या वर्षी २.२० च्या सरासरीने साय यंगच्या मतदानात दुसरे स्थान मिळवले होते. मारलेला चेंडू क्षेत्ररक्षक अडवतात की सोडतात, हे पिचरच्या हातात फारसे नसते. स्ट्राइकआउट, फुकट दिलेले बेस आणि होमरन या तीन गोष्टी मात्र मुख्यतः त्याच्या हातातल्या असतात, म्हणून त्याचा पुढचा हंगाम या तिन्हींवरून जोखावा. सीझने २०२४ मध्ये १८९ इनिंग टाकून सरासरी ३.४७ राखली. किंगने १७३ इनिंग टाकल्या आणि २.९५ ची सरासरी राखली. त्याच्याकडून एवढी अपेक्षा धरणे मात्र धाडसाचे होते.

आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पहिल्या पाच पिचरांची नावे लिहून थांबू नये. सदतीस वर्षांचा यू दार्विश कोपराच्या दुखण्यामुळे आणि जो मस्ग्रोव्ह खांद्याच्या दुखण्यामुळे २०२३ चा हंगाम पुरा करू शकले नव्हते. २०२४ मध्येही दोघांनी वीसपेक्षा कमी सामन्यांत सुरुवात केली. त्यांची उणीव मॅट वॉल्ड्रन या नकलबॉल (जवळजवळ न फिरणारा चेंडू) टाकणाऱ्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या पिचरने शंभराहून अधिक इनिंग टाकून भरून काढली. सहावा आणि सातवा पिचर कोण, याचे उत्तर ज्या अंदाजात नाही तो अर्धवट समजावा. कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेला पिचर परतायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तेव्हा त्याचे नाव त्या हंगामाच्या हिशेबात धरूच नये.

मैदानाचा परिणाम थोडक्यात पाहावा. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये चेंडू लांब जातो, तर सॅन डिएगोचे पेटको पार्क पिचरांना साथ देणारे म्हणून ओळखले जाते. त्यामुळे खेळाडू कोणत्या मैदानावरून आला हे पाहूनच त्याचे आकडे वाचावेत. वेळापत्रकात आपल्या विभागातील चारही संघांशी प्रत्येकी १३ सामने असतात, आणि पाद्रेसच्या विभागात लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याच हिवाळ्यात शोहेई ओतानीला दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार देऊन घेतले होते. सराव सामन्यांचे निकाल सरळ सोडून द्यावेत. त्यांत पिचरचा वेग घटला आहे का आणि कोणाला कोणत्या जागेवर खेळवत आहेत, एवढ्याच दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या असतात.

शेवटी आकडा लिहावा, पण एकटा लिहू नये. ज्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी आहे, त्याचे विजयसुद्धा निव्वळ योगायोगाने सहाच्या आसपास वर किंवा खाली सरकतात, हे साध्या संभाव्यतेच्या गणिताने दिसते. सूत्राचे ९३ धरून त्यातून सोटो, स्नेल आणि त्याच हिवाळ्यात संघ सोडून गेलेला हेडर यांची तूट वजा केली आणि सीझ व किंग यांची भर घातली, तर २०२४ च्या पाद्रेससाठी मी ८५ हा मध्य आणि ७९ ते ९१ ही मर्यादा योग्य मानतो. प्रत्यक्षात संघाने ९३ सामने जिंकले. हा आकडा सूत्राच्या उत्तराशी तंतोतंत जुळला, पण तोवर संघच बदललेला असल्यामुळे त्याला सूत्राचे यश म्हणणे चुकीचे ठरेल.

या मर्यादेत बाद फेरीची रेषा कुठे येते, हेही लिहावे. ती मर्यादेच्या मधोमध येत असेल, तर जुलैअखेरीस खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत संपण्यापूर्वी संघ खरेदी करण्याची शक्यता वाढते. पाद्रेसने त्या जुलैत शेवटच्या इनिंग सांभाळण्यासाठी जेसन ॲडम आणि टॅनर स्कॉट यांना घेतले. त्यांची नावे मार्चमध्ये कोणालाच सांगता आली नसती. मात्र हेडर गेल्यावर उणीव कोणत्या जागी आहे आणि बदल्यात द्यायला कनिष्ठ संघांत होतकरू खेळाडू आहेत का, हे दोन्ही तेव्हाच तपासता येत होते, आणि अंदाजात त्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवावा.