खाटेपाशी वकीलपत्रावर सही करू नका

ह्यांना ट्रकने उडवलं ते खेड शिवापूरजवळ. आम्ही राहायला कोरेगाव तालुक्यात. तिसऱ्या दिवशी, पायात रॉड टाकून झाला होता, मी वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते. एक माणूस आला. "वहिनी, आत्ता खर्च काही नाही. पैसे मिळाले की वीस टक्के द्या," म्हणाला आणि कोरं वकीलपत्र पुढे केलं. धाकट्या दिरांनी ते परत केलं म्हणून वाचलो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दवाखान्यात कशावरही सही करू नका. वॉर्डात माणसं पाठवून पक्षकार गोळा करायला आणि भरपाईत टक्का ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. पण फार उशीरही नको. मोटार वाहन कायद्यात २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत भरपाईच्या दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. ती उलटली असेल तरी घरी बसू नका, लगेच विचारा.

वकील आपल्या जिल्ह्यातलाच बघा. अपघात पुणे जिल्ह्यात झाला तरी आम्ही राहतो तिथे, म्हणजे साताऱ्याला, दावा करता आला. कुबड्यांवरच्या माणसाला दर तारखेला पुण्याला कसं नेणार? दिरांनी ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयातली प्रकरणं दाखवणाऱ्या अ‍ॅपवर वकिलांची नावं टाकून पाहिली. ज्यांच्या यादीत 'एमएसीपी' म्हणजे मोटार अपघाताची प्रकरणं भरपूर, अशांकडेच गेलो. भेटल्यावर आधी विचारा, समोरच्या विमा कंपनीचं काम तुम्ही करता का?

जाताना एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधाची एकूण एक पावती न्या. ट्रकच्या पॉलिसीची आणि चालकाच्या लायसन्सची प्रत पोलिसांकडून मिळते.

पहिल्या वकिलांनी फाईल न उघडताच "दहा लाख कुठे गेले नाहीत" म्हटलं. दुसऱ्या वकीलबाईंनी आकडा सांगितलाच नाही. ह्यांना विचारलं, "परांचीवर चढता येतं का आता?"

हे गवंडी. वय ३८. दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के, पण ज्याला परांचीवर उभं राहता येत नाही त्या गवंड्याची कमाई तीस टक्क्यांनीच घटते का? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे की अवयवाचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी, आणि भरपाई कमाईच्या नुकसानावर ठरते. बाईंनी कागदावर मांडून दाखवलं. महिना १५,००० धरले तर वर्षाचे १,८०,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई जितक्या पट धरतात तो आकडा, १५. नुकसान ३० टक्के धरलं तर ८,१०,०००, ६० टक्के सिद्ध झालं तर १६,२०,०००. औषधपाणी, वेदना वगैरे वेगळंच. हे सिद्ध करायला मुकादमाची हजेरीची वही लागेल, त्यांची साक्ष लागेल, दाखला देणारे डॉक्टर पिंजऱ्यात यावे लागतील, हेही त्यांनीच सांगितलं. तिथल्या तिथे आमचं ठरलं. तुमच्या माणसाचं काम काय, ते तो हाताने करतो की पायाने, हे जो वकील खोदून विचारत नाही त्याच्याकडे थांबू नका.

फी टप्प्याने ठरवा आणि लिहून घ्या. टायपिंग आणि डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च त्यात धरलाय का, तेही विचारा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००.

दावा दाखल झाला की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, मागून घ्या, पुढची तारीख स्वतः बघता येते. वकील बदलायची वेळ आली आणि फीपोटी कागद अडवले, तर घाबरू नका. फीसाठी फाईल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

लोकअदालतीत तडजोडीचा आकडा आला की सही करण्याआधी त्याच कागदावर हिशेब पुन्हा मांडायला सांगा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आणि रक्कम जमा होणार ते खातं जखमी माणसाच्याच नावाचं असू द्या, त्याचं चेकबुक घरातल्या कपाटात.