'अ' की 'अ‍ॅन'? शब्द आधी देवनागरीत लिहून पाहा

'ए, ई, आय, ओ, यू यांच्याआधी अ‍ॅन' हा नियम शाळेत घोकून घेतला जातो आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात, कारण इंग्रजीतले हे अनिश्चित उपपद स्पेलिंगच्या पहिल्या अक्षरावर नव्हे, तर उच्चाराच्या पहिल्या ध्वनीवर ठरते. मराठी माणसाजवळ यावर घरचाच उपाय आहे. अडलेला शब्द देवनागरीत लिहावा. सुरुवातीला स्वर आला तर 'अ‍ॅन', व्यंजन आले तर 'अ'.

'युनिव्हर्सिटी' लिहिताना लेखणीतून 'य' उतरतो, म्हणून स्पेलिंग यूने सुरू होत असूनही 'अ युनिव्हर्सिटी'. तसेच 'अ युरोपियन' आणि 'अ वन-वे रोड'. उलट तासाला 'अवर' म्हणताना स्पेलिंगमधला एच मुकाच राहतो, म्हणून 'अ‍ॅन अवर' आणि 'अ‍ॅन ऑनेस्ट मॅन'; 'हॉटेल'मधला 'ह' मात्र स्पष्ट ऐकू येतो, तेव्हा तिथे 'अ'. आद्याक्षरांनाही हीच कसोटी लावावी: 'अ‍ॅन एमएलए', 'अ‍ॅन एफआयआर', 'अ‍ॅन एक्स-रे', पण 'अ यूएसबी केबल'.

जिथे आपला उच्चारच घसरतो, तिथे ही युक्तीही घसरते. वर्षाला आपण सर्रास 'इयर' म्हणतो आणि 'अ‍ॅन' लावून मोकळे होतो. मूळ उच्चार 'यीअर' असल्याने 'अ यीअर' हेच बरोबर, आणि 'अ‍ॅन इअर' म्हणजे कान!

उपपद नामाकडे नव्हे, लगेच पुढे येणाऱ्या शब्दाकडे पाहते, हेही ध्यानात ठेवावे: 'अ‍ॅन अम्ब्रेला', पण 'अ ब्लॅक अम्ब्रेला'.

खरे तर 'अ‍ॅन' हेच मूळ रूप; ते 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आले आणि व्यंजनापूर्वी त्यातला 'न' गळाला. या 'न'ची हद्द कधी कधी चुकलीही आहे: आजचा 'अ‍ॅन एप्रन' पूर्वी 'अ नॅप्रन' होता.

मात्र या दोहोंत निवड करण्याआधी उपपद हवे की नको, हे पाहावे. 'तो डॉक्टर आहे' या वाक्यात मराठीला 'एक' लागत नाही. इंग्रजीला 'ही इज अ डॉक्टर' असेच म्हणावे लागते. याउलट 'एक सल्ला' आपल्याला सहज देता येतो, पण इंग्रजीत 'अ‍ॅडव्हाइस' हे नाम मोजता येत नसल्यामुळे 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' चुकीचे ठरते आणि 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस' असा वळसा घ्यावा लागतो.