क्लेफ्टवाल्या बाळाचे दात कसे सांभाळायचे (ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं नसतं)

आमच्या लेकीचं डाव्या बाजूला ओठ, हिरडी आणि टाळू तिन्ही दुभंगलेलं होतं, यालाच क्लेफ्ट म्हणतात. ओठाचं ऑपरेशन झालं, टाळूचंही झालं, आम्ही पेढे वाटून मोकळे. मग दात यायला लागले, एक पार आतल्या बाजूला उगवला, शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा एक जास्तीचा. ग्रहणात विळी हातात धरली होतीस का असं विचारणाऱ्या मावश्या परत हजर!

तर आधी हे कळू दे की असे दात क्लेफ्टमध्ये नेहमीचेच आहेत, तुमचं काही चुकलेलं नाही. दाताचे अंकुर पोटात असताना त्याच भागात तयार होतात जिथे फट पडते. त्यामुळे फटीजवळचा पटाशीचा दुसरा दात कधी येतच नाही, कधी टोकदार खुंटीसारखा येतो, कधी एकाचे दोन येतात. मधला मोठा दात वळलेला असतो आणि त्यावरचं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) कच्चं, पिवळट डागाचं असू शकतं. असा दात पटकन किडतो.

आता ब्रशिंग. शिवलेला ओठ आतून घट्ट असतो, तो कोपरा नुसतं "आ कर" म्हणून दिसत नाही. बाळाचं डोकं मांडीवर घ्या, डाव्या हाताच्या बोटाने ओठ हळूच वर उचला, आणि लहानात लहान डोक्याच्या मऊ ब्रशने त्या आडव्या दातामागे जा. आमच्याकडे तिथे रोज भात नाहीतर बिस्किटाचा लगदा निघायचा. फ्लोराईडवाली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका प्लीज. पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा डेंटिस्टला दाखवायचं, लहान मुलांचा असेल तर उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचं, वेडावाकडा दिसतो म्हणून दात काढायची घाई करू नका. आम्हाला घराजवळच्या एका डॉक्टरांनी (नाव नको) खुर्चीत बसवल्या बसवल्या सांगितलं, जास्तीचा आहे, काढून टाकू. नशीब क्लेफ्ट टीमला (क्लेफ्टवर मिळून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना) फोन केला. त्यांनी सांगितलं, फटीच्या कडेला हाड आधीच पातळ असतं, दात आहे तोवर त्याच्याभोवतीचं हाड टिकतं, दात गेला की तेही झिजतं. कधी काढायचा ते एक्सरे बघून ठरवायचं, बहुतेकदा फटीत हाड भरायच्या ऑपरेशनच्या (ते पुढे येतंच) हिशोबाने. तारांचंही तेच, वळलेला दात घाईने सरळ केला तर त्याचं मूळ पातळ हाडातून फटीत डोकावू शकतं.

साधारण सहा-सात वर्षांचं झालं की ओपीजी काढून घ्या, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे. कोणते कायमचे दात आत आहेत, कोणते नाहीतच ते त्यात कळतं. फटीपासून लांब, दाढांच्या पुढचा दातही या मुलांमध्ये जास्त वेळा नसतो, म्हणून डॉक्टरांना दोन्ही बाजू मोजायला सांगा. फाईलमध्ये जुने एक्सरे ठेवा, आम्ही एक हरवला आणि परत काढावा लागला.

मग येतं बोन ग्राफ्ट. कमरेच्या हाडातून थोडं हाड घेऊन हिरडीच्या फटीत भरतात, साधारण आठ ते अकराच्या मध्ये, कायमचा सुळा खाली येण्याआधी, म्हणजे सुळा त्या नव्या हाडातून उतरतो. वरचा जबडा अरुंद असेल तर आधी तो तोंडात बसवायच्या प्लेटने रुंद करतात. तारीख डॉक्टर सुचवतील म्हणून वाट बघत बसू नका, आठव्या वर्षी स्वतःहून विचारा. ऑपरेशनआधी कीड भरून हिरड्या स्वच्छ पाहिजेत, नाहीतर इन्फेक्शनने ग्राफ्ट जायची भीती.

न आलेल्या दाताच्या जागी पुढे सुळा सरकवून त्याला आकार देतात, नाहीतर जागा राखून इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का खोटा दात) करतात, पण इम्प्लांट वाढ थांबल्यावरच. तोवर प्लेटवर खोटा दात बसवून मिळतो. शाळेच्या फोटोसाठी आम्ही तोच लावला, आणि डब्याच्या सुट्टीत तो चपातीत गेला.

खर्चाचं बघायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचं क्लेफ्ट येतं, अंगणवाडीत नाहीतर शाळेत येणाऱ्या पथकाला गाठा, आणि दातांचं व ग्राफ्टचं काय काय बसतं ते वेगळं विचारा.