पालिकेचं मतदान: घर बदललं असेल तर फॉर्म ८ आजच भरा

१५ जानेवारी २०२६. महापालिकेचं मतदान २०१७ नंतर थेट तेव्हा होत होतं. सकाळी साडेसातच्या आधीच मी रांगेत उभी होते. हातात नवं कोरं मतदार ओळखपत्र, त्यावर पुण्याचा पत्ता. टेबलामागच्या मुलाने पानावर पट्टी ठेवून वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं. माझं नाव नव्हतं. ते अजून नाशिकच्याच यादीत होतं, आणि नाशिकचं मतदानही त्याच दिवशी. मत वाया गेलं. तुमचं जाऊ नये.

सगळ्यात आधी, घर बदललं की फॉर्म ८, म्हणजे मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्ज. गॅस, बँक, आधार सगळीकडे पत्ता बदलला मी जूनमध्येच. फॉर्म ८ मात्र सप्टेंबरात भरला, म्हटलं निवडणूक अजून लांब आहे. इथेच चुकलं. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तो स्वतःची वेगळी यादी करत नाही. एका ठरलेल्या तारखेला विधानसभेची जी यादी असेल, तीच प्रभागांत फोडतो. त्या वेळची तारीख होती १ जुलै २०२५. त्यानंतर झालेली नोंदणी पुढच्या निवडणुकांना चालते, त्या निवडणुकीला नाही. म्हणजे ओळखपत्र हातात असून उपयोग नाही. यादीत नाव हवं, तेही त्या तारखेआधी, आत्ता राहता त्या पत्त्यावर. निवडणूक जाहीर होईपर्यंत ती तारीख मागे पडलेली असते. म्हणून फॉर्म ८ घर बदलल्याच्या आठवड्यातच भरायचा.

दुसऱ्या शहरात गेलात तरी फॉर्म ८ च. नाव कमी करायला वेगळा अर्ज लागत नाही. कोणी 'नवीनच नोंदणी करून टाक' म्हणालं तर ऐकू नका. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. तो पुन्हा भरलात की नाव दोन ठिकाणी येतं, त्या निवडणुकीत संभाव्य दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले होते, मग दुसरीकडे मत देणार नाही असं हमीपत्र केंद्रावर देत बसा. घरात कोणी सतरा पूर्ण केलेलं असेल तर त्याचा फॉर्म ६ आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी जी तारीख अठरा पूर्ण झाल्यावर येईल, तेव्हा नाव लागतं.

पत्त्याच्या पुराव्याला भाडेकरार देणार असाल तर तो नोंदणीकृतच हवा, नुसता नोटरी केलेला मान्य कागदपत्रांच्या यादीत बसत नाही. अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा आणि आठवड्याला एकदा स्थिती बघा. बीएलओ, म्हणजे मतदार यादीची पडताळणी करणारे कर्मचारी, घरी येऊन गेले आणि दार बंद होतं, असं होऊ देऊ नका, शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

मग प्रभागाची प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी. हरकतीला मोजकेच दिवस मिळतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी नाव शोधा. तुमची इमारत शेजारच्या प्रभागात गेली असेल किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथे गळलं असेल, तर तेवढं दुरुस्त होतं. नवीन नाव घालून मिळत नाही. पत्ताही बदलून मिळत नाही. ते काम फॉर्म ८ चं, आणि त्याची वेळ तेव्हा गेलेली असते.

मतदानाच्या आदल्या रात्री यादीतला अनुक्रमांक आणि खोली क्रमांक कागदावर लिहून घ्या, मोबाईल आत नेता येत नाही. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना चालतो.

यंत्रापाशी घाई नको. मुंबईत एकच मत, बाकीच्या महापालिकांत बहुतेक ठिकाणी प्रभागाला चार जागा, म्हणजे चार मतं, अ ब क ड. जिल्हा परिषदेच्या वेळी दोन: एक गटाचं (जिल्हा परिषद), एक गणाचं (पंचायत समिती). एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबा, पण जागा सोडू नका. शेवटची लांब बीप ऐकल्यावरच हला.

आणि भाडेकरार संपत आला असेल, तर पॅकर्सना फोन कराल त्याच दिवशी फॉर्म ८ साठी नवीन पत्त्याचे कागद बाजूला काढून ठेवा. खोक्यात जाऊ देऊ नका.